वळचणीचं पाणी आढ्याला

मागच्या शनिवारी सकाळी गावाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, गावचं घर तोच सांभाळतो. म्हणाला, "माजघराची भिंत परत ओली झालीय. यंदा गणपतीत सगळे जमतील तेव्हा विषय काढू. कौलं उतरवू आणि वर सरळ स्लॅब टाकू. एकदाची कटकट मिटेल."

मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. मग चहा घेताना जाणवलं, की ही भिंत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं कोरडी होती. पणजोबांनी बांधलेलं घर, देवगड तालुक्यातलं. तेवढ्या सगळ्या पावसाळ्यांत न भिजलेली भिंत गेली तीन वर्षं दर जुलैत भिजते, कारण तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिला टेकून गॅरेज बांधलं. आणि ते गॅरेज कोणाच्या गाडीसाठी? माझ्या. तर मंडळी, पुढचा लेख हा आरोपीने स्वतःच चालवलेला खटला आहे असं समजून वाचा.

आधी थोडं माझ्याबद्दल. सिव्हिलची डिग्री घेऊन मी गेली सहा वर्षं हिंजवडीत जावा लिहितोय. कॉलेजात जे शिकलो त्यातलं ऑफिसात काही लागत नाही. ज्या एका दिवशी ते घरी लागणार होतं, त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. वहीच्या पानावर घराचा चौकोन, त्याला चिकटून बारा बाय वीस फुटांचा दुसरा चौकोन, आणि खाली "ओके?" मी अंगठा पाठवला. माझ्या इंजिनिअरिंगचं आमच्या घराला झालेलं योगदान एवढंच.

त्या फोटोत एक गोष्ट नव्हती. ती म्हणजे वळचण.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. कौलारू घराचं छप्पर भिंतीपाशी थांबत नाही, अडीच-तीन फूट पुढे येतं आणि खाली झुकतं. त्या पुढे आलेल्या भागाखालची जागा म्हणजे वळचण. पावसाळ्यात तिच्या काठावरून पागोळ्या गळतात. फोटोग्राफर मंडळींना त्या फार आवडतात. पण वळचण फोटोसाठी केलेली नसते. भिंतीवर पाऊस पडू द्यायचा नाही आणि छपराचं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं, अशी दोन कामं ती करते. अख्ख्या घराची देखभाल या दोन कामांवर उभी असते.

आता गाडीचं गणित बघा, कारण सगळी गडबड इथेच होते. आमच्या उत्तरेच्या बाजूला वळचणीचा काठ अंगणापासून साडेसात फुटांवर होता. छपराचा उतार तीस अंश. गॅरेज हवं भिंतीपासून बारा फूट रुंद, म्हणजे वळचणीच्या काठापुढे आणखी साडेनऊ फूट. तोच उतार तसाच पुढे नेला, तर साडेनऊ फुटांत छप्पर जवळजवळ साडेपाच फूट खाली येतं. बाहेरच्या टोकाला उंची उरते दोन फूट. तिथे गाडी मावत नाही, कोंबड्यांचं खुराडं होईल फार तर. उतार कमी करावा तर कौलं चालत नाहीत, कारण फार सपाट केल्यावर कौलाच्या सांध्यातून पाणी उलटं आत शिरतं. पत्रा घालून दहा अंशांवर आणलं तरी टोकाला सहा फूटसुद्धा मिळत नाहीत.

तात्पर्य, बुटक्या वळचणीला लागून गाडीचं छप्पर सरळपणे होतच नाही. भूमितीच परवानगी देत नाही. इथे शहाण्या माणसाने थांबावं आणि गाडी दुसरीकडे ठेवावी. पण आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टर नावाचा आशावादी माणूस असतो. तो म्हणतो, "काय नाय ओ, वळचण कापू. आठ फुटांवर स्लॅब टाकू. एक नंबर काम होईल."

आणि कापली. वीस फूट लांबीत वासे भिंतीच्या रेषेत करवतीने कापले, स्लॅब भिंतीला भिडवला. छपराच्या कापलेल्या काठाखाली जेमतेम अर्ध्या फुटावर स्लॅबची सपाटी. आजी तेव्हा पडवीत बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "घराची टोपी ती. काठ कापलास तर पाणी खय पडतला? तोंडार." आजी चौथी शिकलेली. मी फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.

आता ज्यांना आजीचं म्हणणं भावनिक वाटतं त्यांच्यासाठी आकडे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गॅरेजच्या वर येणारा छपराचा भाग वीस फूट लांब, पंधरा फूट खोल. म्हणजे 300 चौरस फूट, साधारण 28 चौरस मीटर. तीन मीटर पावसाने गुणा. 84 हजार लिटर. स्लॅबवर थेट पडणारा पाऊस आणखी 66 हजार लिटर. एकूण दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर, एका सपाट स्लॅबवर. हे पाणी पूर्वी भिंतीपासून अडीच फुटांवर चिऱ्यांच्या चरात पडायचं आणि माडांकडे निघून जायचं. आता ते स्लॅबवर आपटतं, भिंतीवर उडतं, आंब्या-फणसाच्या पानांनी पाइप तुंबला की तळं करून बसतं, आणि शेवटी जिथे फट असेल तिथे जातं.

फट असणारच. याला कारागीर चांगला-वाईट असण्याची गरज नाही. जुनं घर लाकूड, चिरा आणि मातीचं; लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. नवीन स्लॅब काँक्रीटचा, त्याचे कॉलम नव्या भरावावर उभे, ते आपल्या गतीने बसणार. ही दोन बांधकामं वेगवेगळ्या चालीने चालणारी. त्यांना एकमेकांना बांधलं की सांधा फुटतो. एक मिलिमीटरची फट माणसाला दिसत नाही, पण पाण्यासाठी तो हमरस्ता आहे.

पलीकडे उभा असतो जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं, कारण मलबारात लोक तो खाणीतून विटेसारखा कापून काढत होते. कापताना मऊ, हवा लागली की कडक. फार गुणी दगड. पण सच्छिद्र. वरून डोकं झाकलेलं आणि खालून पाय कोरडे असले तर शंभर वर्षं उभा राहतो. त्याला सतत ओलं ठेवलंत की तो पाणी पितो, चिऱ्यांमधली माती सैल होते, आणि आपण वरून सिमेंटचं प्लास्टर मारून आत गेलेलं पाणी आतच कोंडतो.

लाकडाचंही तेच. वाशाचं टोक म्हणजे स्ट्रॉची जुडी असते. आडव्या अंगाने लाकूड पाणी कमी घेतं, टोकाकडून भराभर शोषतं. आधी ही टोकं भिंतीपासून लांब, हवेत होती, भिजली तरी सुकायची. आता ती भिंतीत, ओल्यात, अंधारात. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे वाळवी आली यात नवल काय? घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे आधी वासे फिरवले, आता घर फिरतंय.

आयटीतल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटत असेल. जुना कोड असतो, त्यात एक विचित्र दिसणारी ओळ असते. नवीन आलेल्याला ती कशाला आहे कळत नाही, म्हणून तो ती डिलीट करतो. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, कारण टेस्टिंग मे महिन्यात झालेलं असतं. जूनमध्ये प्रॉडक्शन पडतं. मग पॅचवर पॅच. आमच्याकडे पहिल्या वर्षी सांध्यावर डांबरी पट्टी, दुसऱ्या वर्षी कुठलंसं केमिकल, तिसऱ्या वर्षी कौलाखाली सरकवलेला पत्रा. आणि आता चौथा प्रस्ताव : सगळी सिस्टीमच बदलू, कौलं काढून स्लॅब टाकू.

माझं भांडण खरं या चौथ्या प्रस्तावाशी आहे. गॅरेज ही चूक होती, चुका होतात. पण गॅरेज गळतं म्हणून घर पाडायचं? पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. कौलं आणि रिपा मिळून त्याच्या चौथाईच्या आसपास. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर, आणि त्यातली एक तीन वर्षं भिजलेली, हे ओझं ठेवायचं? एवढं केल्यावर काय होईल तेही सांगतो. कोकणातल्या कुठल्याही गावातून एक चक्कर मारा. स्लॅबची घरं दिसतील, आणि त्यातल्या कितीतरी स्लॅबांवर लोखंडी सांगाडा उभारून उतरता पत्रा घातलेला दिसेल, चारी बाजूंनी पुढे आलेला. कशासाठी? स्लॅब गळतो म्हणून. म्हणजे उतरतं छप्पर आणि वळचण काढायला खर्च करायचा, आणि मग तेच लोखंडात परत आणायला खर्च करायचा. वळचणीचं पाणी आढ्याला चढवायचा हा प्रकार.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून नीट घेतो.

एक, गाडीला छप्पर लागतंच. कबूल. खारा वारा, चार महिने पाऊस, आणि वरून नारळ. बॉनेटवर नारळ पडलेला माणूस मी पाहिलाय, त्याचं दुःख खरं असतं :-) पण गाडीला छप्पर लागतं याचा अर्थ गाडीला घराची भिंत लागते असा होत नाही. आमच्याकडे बैलगाडी होती तेव्हा ती मांगरात असायची, घरापासून वेगळी. पेंढा, लाकडं, औतं, सगळं तिथे. पणजोबांना भिंतीला टेकून चार खांब पुरता आले नसते का? आले असते. त्यांनी पुरले नाहीत. गाडी म्हणजे बिनबैलांची बैलगाडी. तिची जागा मांगरात.

दोन, घर म्हणजे म्युझियम नाही, माणसं राहतात, बदल होणारच. शंभर टक्के मान्य. मी स्वतः त्या घरात कमोड बसवलाय आणि वायफाय घेतलंय. ज्या कौलांचा मी कैवार घेतोय तीही कुणा ऋषीमुनींनी दिलेली नाहीत. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात काढला. आमच्या खापरपणजोबांच्या काळात तो नवा, परका मालच होता. पण या परक्या मालाला पाणी कुठून कुठे जातं हे कळत होतं. बदलाला विरोध नाही. पाण्याचा रस्ता न विचारता केलेल्या बदलाला आहे.

तीन, वादळ. हा मुद्दा सगळ्यात वजनदार. 3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घरांची छपरं उडाली. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. पुढे आलेल्या वळचणीखाली वारा शिरतो आणि छप्पर वर उचलतो, हे खरं आहे. पण त्यावर उपाय वळचण छाटणं नाही. वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी बांधणं आणि काठाच्या ओळींची कौलं तारेने रिपेला जखडणं हा आहे. उलट तीन बाजूंनी उघडी गाडीची शेड वळचणीलाच जोडलीत, तर वाऱ्याला मोठं शीड मिळतं, आणि शेड जाताना घराचे वासे घेऊन जाते. वेगळी शेड उडाली तर एकटी उडते.

चार, जागाच नाही. हे भावकीच्या वाटण्यांमुळे काही जणांच्या बाबतीत खरं असतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांचं बांधकाम अजून वहीच्या पानावर आहे त्यांच्यासाठी, सरळ शब्दांत :

वळचण कापायची नाही. हा पहिला नियम आणि तो मोडायचा नाही. घर दुपाखी असेल तर गाडी तिकोनी भिंतीच्या बाजूला न्या; त्या बाजूला छपराचं पाणी येतच नाही, आणि भिंत उंच असल्यामुळे उंचीचा प्रश्नही सुटतो. चारी बाजूंना उतार असेल तर शेड सुटी बांधा, स्वतःच्या खांबांवर, वळचणीच्या काठापासून किमान दोन-तीन फूट मोकळे सोडून. त्या मोकळ्या पट्टीत पागोळी पडू द्या आणि तिथे चर काढून पाणी बाहेर न्या. शेडचा उतार घराच्या उलट दिशेला. स्लॅब खाली घेऊन वळचणीखाली सरकवू, असं कोणी सुचवेल. पागोळी तरीही स्लॅबवरच आपटून भिंतीवर उडणार, त्यामुळे तेही नको. भिंतीची खिडकी बंद करू नका. गाडी सुरू केल्यावर धूर माजघरात कोंडला, तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. आणि यातलं काहीच बसत नसेल, तर गाडी बेड्याबाहेर रस्त्याकडेला ठेवा, वर कव्हर घाला. कोकणातल्या अर्ध्या घरांपर्यंत तसाही रस्ता जात नाही, पाखाडीच जाते. ती माणसं मेली नाहीत.

नवीन घर बांधत असाल तर गोष्ट वेगळी. फ्रँक लॉइड राइटने 1930च्या दशकात अमेरिकेत घराचंच छप्पर पुढे काढून त्याखाली गाडी उभी केली, पण ती उंची त्याने पहिल्या रेघेपासून धरली होती. केरळात लॉरी बेकर आयुष्यभर कमी खर्चातली घरं बांधत राहिले आणि पावसाच्या प्रदेशात पुढे आलेल्या छपराचं महत्त्व सांगत राहिले. ही माणसं शिकलेली होती आणि आजीच्याच पक्षात होती, एवढंच सांगायचंय.

पण खरा मुद्दा वजनाचा किंवा उताराचा नाहीच. तो दिवसांचा आहे. माझी गाडी त्या गॅरेजमध्ये वर्षातून किती दिवस असते? गणपतीत पाच, शिमग्याला दोन, मे महिन्यात चार. अकरा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस तिथे दादाची मोडकी सायकल आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतात. आणि भिंतीच्या पलीकडे, माजघरात, आजी झोपते. तीनशे पासष्ट दिवस. भिंत ओली झाल्यापासून तिची खाट दादाने मधोमध ओढली आहे आणि रात्री तिला धाप लागते. आपण शहरात कमावतो, गावात बांधतो, आणि जे बांधतो ते आपल्या अकरा दिवसांसाठी असतं. त्याचं पाणी मात्र तिथे राहणाऱ्यांच्या तोंडावर पडतं. दादाला दोष देऊन उपयोग नाही. त्याने तर विचारलं होतं. "ओके?"

तर गणपतीत विषय निघेल तेव्हा मी काय बोलणार ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी शेपूट घालता येणार नाही. कौलं उतरणार नाहीत. गॅरेजचा स्लॅब तोडायचा, खर्च माझा. कुजलेल्या प्रत्येक वाशाला बाजूने नवा वासा जोडायचा आणि तो पहिल्यासारखा अडीच फूट पुढे काढायचा, खर्च माझा. भिंतीचं सिमेंट खरवडून तिला एक अख्खा उन्हाळा सुकू द्यायचं, मग चुन्याचा गिलावा. गाडीसाठी पुढेमागे मांगराच्या जागी चार खांब उभे करू. नाही केले तरी चालेल.

आणि यंदा गाडी नेणार नाही. कोकणकन्येच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे, कितव्या नंबरवर ते विचारू नका. नाहीतर एसटी आहेच.